पोरगी प्लास्टिक करते म्हणं!

"वहिनी, तुमची साताऱ्याची भाची प्लास्टिकच्या कारखान्यात लागली म्हणं?" आक्कांनी कुंपणावर दोन्ही हात टेकून विचारलं, तेव्हाच ओळखलं, बातमी समोरच्या काकूंच्या ओट्यावरून निघालीय.

"कारखाना कुठला, आक्का! पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, एनसीएल म्हणतात तिला. तिथं पीएच.डी. करतेय."

"मग कराडचं स्थळ का फिरलं? मुलाची आई म्हणाली म्हणं, 2018 ला सरकारनं प्लास्टिकबंदी आणली, ह्या पोरीची नोकरी कुठवर टिकायची?"

"बंदी कॅरीबॅगवर, थर्माकोलच्या ताटांवर. तुमच्या तासगावच्या बागेतल्या ड्रिपच्या नळ्या, द्राक्षांचे क्रेट, बेदाणा शेडवरचं हिरवं शेडनेट, खताची पांढरी पोती, यातलं काय बंद झालं? आणि ती प्लास्टिक करत नाही. ज्याच्यामुळं प्लास्टिक होतं, तो कॅटॅलिस्ट तयार करते."

"म्हंजे?"

आता आक्कांना 'म्हंजे' म्हटल्याशिवाय सोडवत नाही आणि मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. गॅसवरचं दूध बारीक करून आले.

"हे बघा. मुंबई हायचा गॅस उरणला येतो. त्यातला काही भाग रायगडात नागोठण्याला जातो आणि तिथं त्याचं इथिलीन होतं. इथिलीन म्हणजे हवेसारखा वायू, हातात न येणारा. त्याची सुटी फुलं समजा. गजरा व्हायला हात पाहिजे. तो हात म्हणजे धातूचा एक अणू. नवं फूल आपण गजऱ्याच्या लोंबत्या टोकाला लावत नाही, बोटांपाशी बांधतो आणि झालेला गजरा पुढं सरकत जातो. तिथंही तसंच. धातू आणि साखळी यांच्यामध्ये नवा रेणू शिरतो, साखळी पुढं सरकते. हजारो रेणू ओवून झाले की थोडा हायड्रोजन सोडायचा. साखळी तुटून सुटते आणि तोच हात दुसरी धरतो."

"आणि मग नळी, क्रेट, पोतं वेगळं कसं हुतं?"

"गजरा कसा बांधला त्यावर. सरळ लांब साखळ्या एकमेकींना चिकटून बसल्या की कडक माल, तुमचा क्रेट. मध्ये मध्ये ब्युटीन नाहीतर हेक्झीन घालून आखूड फांद्या ठेवल्या की माल लवचिक, ती ड्रिपची लॅटरल. पोत्याचं प्रॉपिलीन निराळं. त्याला बाजूला एक देठ असतो. सगळे देठ एका अंगाला आले तर दोरा ताणता येतो, पोतं विणता येतं. देठ कसेही आले तर नुसता चिकट गोळा. हात सगळं ठरवतो."

आक्कांनी मान हलवली. "हे काढलं कुणी?"

इथं खरी गंमत होती. प्लास्टिकचं राहू दे, भांडणाची गोष्ट म्हटली की आक्का कुंपणाच्या आणखी जवळ येतात.

"जर्मनीत म्युलहाइम म्हणून गाव आहे, तिथं कार्ल झिग्लर. त्याआधी इंग्लंडात 1933 ला पॉलिथिन सापडलं होतं, पण त्याला हवेच्या हजारपटीहून जास्त दाब लागायचा. झिग्लर ॲल्युमिनियमवर साखळी वाढवत होता. एकदा काय झालं, साखळी वाढेचना, दोन रेणू जुळले की खेळ खलास. शोधलं तर भांड्यात निकेलचा अंश राहिलेला. दुसऱ्या कुणी भांडं घासून विषय संपवला असता. ह्यानं म्हटलं, एक धातू साखळी तोडतो तर दुसरा वाढवतही असेल. एकेक धातू लावून बघितला आणि 1953 ला टायटॅनियम सापडलं. साध्या दाबाला पॉलिथिन! इटलीत मिलानला जुलिओ नाट्टाला ही बातमी कळली होती, कारण त्याच्या ओळखीच्या कंपनीचा झिग्लरशी करार होता. त्यानं 1954 ला त्याच जातीच्या कॅटॅलिस्टनं प्रॉपिलीन ओवलं, देठ एका अंगाला. पेटंटवरून दोघांचं असं बिनसलं की विचारू नका."

"वाटणीवरनं बिनसतंयच."

"आणि 1963 ला नोबेल मिळालं ते दोघांना मिळून."

"घ्या! एका पाटावर बसवलं की." आक्का मनापासून हसल्या. "पन पोरगी दिवसभर करती काय?"

"काचेच्या पेटीत हात घालून बसते. पेटीत नायट्रोजन भरलेला, पेटीलाच जाड रबरी हातमोजे लावलेले. झिग्लरच्या त्या ॲल्युमिनियमच्या औषधाला हवा लागली की आपोआप पेट घेतं आणि टायटॅनियमचा कॅटॅलिस्ट पाण्याच्या ओलीनं मरतो. एनसीएलमध्ये हे काम जुनं आहे. बडोद्याच्या आयपीसीएलमधून आलेले डॉ. स्वामिनाथन शिवराम तिथं पॉलिमर बघायचे, पुढं 2002 ते 2010 संचालक होते. आता डॉ. समीर चिक्कली यांचा गट पॅलॅडियमवर काम करतो."

"ते आणि काय?"

"तुमच्या क्रेटवर रंगानं नाव घातलं होतं ना?"

"दोन महिन्यांत पापुद्रे निघालं."

"निघणारच. पॉलिथिनला रंग धरत नाही, डिंक धरत नाही. दुधाच्या पिशवीवर छपाई करायच्या आधीसुद्धा विजेच्या ठिणग्यांखालून फिल्म काढावी लागते. साखळीत ऑक्सिजनवाले रेणू घातले तर रंग बसेल. पण टायटॅनियमला ऑक्सिजन दिसला की ते त्यालाच धरून बसतं, ओवायचं राहतं बाजूला. पॅलॅडियमला ऑक्सिजनची तेवढी ओढ नाही, म्हणून ते असला रेणू ओवू शकतं. अडचण एवढीच की पॅलॅडियम महाग. म्हणून निकेलला वळण लावायची खटपट जगभर चाललीय. म्हणजे झिग्लरची साखळी ज्यानं तोडली, तोच धातू!"

"आणि रानात ऱ्हातंय त्याचं काय? कलिंगडाला मल्चिंग पेपर घातला, पीक निघालं, आता नांगराला चिंध्या गुंडाळत्यात. जाळला तर शेजारी भांडत्यात."

हा प्रश्न मी भाचीला विचारला होता, म्हणून उत्तर तयार होतं. "2021 ला जर्मनीतच कॉन्स्टान्झच्या विद्यापीठात निकेलनं पॉलिथिनच्या साखळीत कार्बन मोनॉक्साइडचे मोजके टाके घातले. ताकद तीच, पण प्रकाशात तो टाका उसवतो. साखळ्या आखूड होत जातात. अजून बाजारात आलेलं नाही."

आक्कांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "थांबा, थांबा. माझी ड्रिपची नळी उन्हातच पडलेली असती की वो! ती उसवली तर?"

"म्हणून तर नळीत दोन-तीन टक्के काजळी घालतात, ऊन सोसायला. नळी काळी त्यामुळं. नळीनं टिकायचं, पेपरनं जायचं."

"मग त्या कराडच्या बाईला सांगा," आक्का पदर खोचत म्हणाल्या, "नोकरी कुठवर टिकंल विचारू नगा म्हणावं. रानातल्या चिंध्या हायत तवर पोरीला काम हाय. आणि पोरीला सांगा, क्रेटच्या रंगाचं मागनं बघ. आधी मल्चिंगचं काढ. लगीन काय, कराडचं न्हाई तर इस्लामपूरचं हुईल. माझ्या नजरंत एक पोरगा हाय."

"काय करतो?"

"ड्रिपचं दुकान हाय."