उपग्रह ठणठणीत आहे

परंड्यात सेट टॉप बॉक्स मधेच बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला की पहिला संशय आभाळावर. लगेच पोरगं गच्चीवर, दोन्ही हातांत छत्री. ‘आलं का?’ खालून आजी, ‘होतं तेबी गेलं!’

छत्रीची दिशा चुकली तर पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते, बॉक्स मान टाकत नाही. पण हे शहाणपण आजीला कोण सांगणार?

डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर निवांत आहे. घोळ बहुधा त्याच्या फार अलीकडे असतो. छत्रीची वायर बॉक्समधून काढून बघावी. बॉक्स शहाण्यासारखा वागला, तर रोग बाहेरचा. छत्रीवरच्या एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट त्याच वायरीतून जातात आणि पिनेत पावसाचं पाणी शिरलं की शॉर्ट. वायर काढूनही गचके चालूच, तर अडॅप्टर नाहीतर आतला फुगलेला कपॅसिटर. विजेचा लपंडाव त्याला फुगवतो, उकाडा हातभार लावतो.

उकाड्याचं कारण तर डोळ्यांसमोरच असतं. बॉक्सवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलदाणी, खाली हवेची सगळी छिद्रं गुडूप. सुमारे ५५ टनांची मुलूखमैदान तोफ १६३२ मध्ये परंड्याच्या किल्ल्यातून विजापूरला हलवता आली; हा रुमाल हलवायची कुणाची छाती नाही.