घोडा कुशल, भाचा जुगारी

२२ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि आमच्या भाच्याच्या अंगचा एकमेव गुण बेकायदा ठरला.

हा गुण साधासुधा नव्हता, कोर्टाचा शिक्का असलेला होता. मोबाइलवर अकरा खेळाडू निवडायचे, एकाला कर्णधार करायचं, पैसे भरायचे आणि सामना संपला की गुण मोजायचे. यात नशिबापेक्षा अक्कल जास्त लागते, असं पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं २०१७ साली आणि आपल्या मुंबईच्या न्यायालयानं २०१९ साली सांगितलं. आपला जुगारबंदी कायदा १८८७ चा. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे. भाच्याच्या अकलेबद्दल जबाबदार व्यक्तीनं काही बरं बोलण्याची ती पहिलीच वेळ. ताईचे डोळे भरून आले.

अक्कल होतीच. पहिल्या चेंडूवर बाद होणारा फलंदाज नेमका हेरून त्यालाच कर्णधार करणं येरागबाळ्याचं काम नव्हे. बाकी नुकसान पावसानं आणि नाणेफेकीनं केलं. प्रत्येक स्पर्धेतून आपली फी आधीच बाजूला काढणाऱ्या कंपनीला मात्र ना पाऊस आडवा आला, ना नाणेफेक. खेळात कौशल्य आहे हे कोर्टानं बरोबरच ओळखलं होतं. ते कोणाकडे आहे, एवढंच भाच्याच्या लक्षात यायचं राहिलं.

सरकारला मात्र कधीच संभ्रम नव्हता. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर हाच खेळ चालवणाऱ्या ड्रीम इलेव्हनचं नाव झळकत होतं, तेव्हा तो खेळ होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी घ्यायचा ठरला, तेव्हा त्याला रेस, कॅसिनो आणि लॉटरीच्या पंगतीत बसवलं. आणि जवळपास दोन वर्षं कर जमा करून झाल्यावर तरुण पिढी बरबाद होत असल्याचं ध्यानात आलं. नव्या कायद्यानं सगळा वादच मिटवला: पैसे लावून ऑनलाइन खेळायचं नाही, मग कौशल्य असो की नशीब. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कारण तो पीडित. काल कुशल होता, आज पीडित! भाचा दोन वेळ जेवला नाही.

"मामा, मग चालतं तरी काय?" त्यानं विचारलं. मी समजावलं. राज्य लॉटरी १९६९ पासून चालते; तिच्यात कोणाचंच कौशल्य नाही, म्हणून ती सरकार स्वतः विकतं. महालक्ष्मीची रेस चालते. तिच्यातलं कौशल्य सर्वोच्च न्यायालयानं १९९६ सालीच मान्य केलंय, त्यातला बराचसा भाग घोड्याचा. मांडवीतले कॅसिनो चालतात. गोवेकरांना तिथं खेळायला मज्जाव आहे, बुडायचा मान आपल्यासारख्या पाहुण्यांचा. रमीचं म्हणशील, तर २०२५ च्या जुलैत सभागृहात बसलेल्या राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर ती दिसली. ती आपोआप आलेली जाहिरात होती, असं ते म्हणाले. पुढे त्यांना क्रीडा खातं मिळालं. पण त्या वाटेनं जायला आधी निवडून यावं लागतं.

अखेर शेजारच्या काकांनी मार्ग दाखवला: शेअर बाजारातले फ्युचर्स आणि ऑप्शन्स. सेबीच्याच अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तिथं उतरलेल्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. पण कायद्याची काही अडचण नाही. पॅन आहे, आधार आहे, डीमॅट आहे.

आता भाचा सकाळी सव्वानऊच्या आत अंघोळ उरकून, देवाला नमस्कार करून मोबाइल घेऊन बसतो. ताई आल्यागेल्याला अभिमानानं सांगते, "जुगार सुटला हो त्याचा. आता गुंतवणूक करतो."