बॅटरी भाड्याची, भीती मालकीची

छोटी इलेक्ट्रिक गाडी विकत घ्यायची की भाडेकरारावर? नांदेड-लातुरात आधी वेगळा प्रश्न विचारा. गाडी रात्री उभी कुठं राहणार?

स्वतःचं अंगण आणि स्वतःचं मीटर असेल तर पुढं वाचा. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून गल्लीत वायर सोडणार असाल तर विकतही नको आणि भाड्यानंही नको.

भाडेकराराची सोय चांगली आहे, यात वाद नाही. कर कापण्याआधी पगारातून भाडं जातं, विमा आणि सर्व्हिसिंग बहुतेकदा त्यातच, तीन-चार वर्षांनी गाडी परत. पण ही सोय मोठ्या खासगी कंपन्या आपल्या नोकरदारांना देतात. आपल्याकडं पगार कुणाचा? झेडपीच्या गुरुजींचा, तलाठ्याचा, प्राध्यापकांचा.

त्यांच्या पगारपत्रकात तो रकानाच नाही.

मोंढ्यातला अडत्या, क्लासवाले सर, दवाखाना चालवणारे डॉक्टर भाडं धंद्याच्या खर्चात दाखवू शकतात. पण विकत घेतलेल्या गाडीचं व्याज आणि घसाराही दाखवता येतो की! हा सल्ला सीएकडून घ्या, शोरूममध्ये नको. तिथं कुणी इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जव्याजावर दीड लाखाची वजावट सांगितली, तर एवढंच विचारा: कर्ज मंजूर कधी झालेलं हवं? ३१ मार्च २०२३ पर्यंत. म्हणजे ती गाडी सुटली.

आता मधला मार्ग निघालाय. गाडी तुमची, बॅटरी भाड्याची. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीनं कॉमेटसाठी तो आणला. पूर्ण गाडी ६.९९ लाखांपासून, बॅटरी वगळून ४.९९ लाख, वर किलोमीटरमागे अडीच रुपये. दर पुढं बदलले, हिशेबाची रीत तीच.

दोन लाख वाचले असं वाटतं ना? अडीचनं भागा. ८० हजार किलोमीटरला ते दोन लाख परत गेलेले असतात.

व्याजही धरू, म्हणजे अन्याय नको. दोन लाख साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता ३,२७० च्या आसपास. महिन्याला १,००० किलोमीटर फिरलात तर भाडं २,५००. भाडं स्वस्त पडलं! १,५०० फिरलात तर ३,७५०. महाग पडलं.

म्हणजे कमी फिरणाऱ्याचा फायदा. पण कमी फिरणाऱ्यानं इलेक्ट्रिक घ्यायचीच कशाला? पेट्रोलचे पैसे वाचतात ते गाडी पळाली तर. भाडं चढतं तेही गाडी पळाली तरच. जिथं तुमची बचत, नेमका तिथंच मीटर बसवलाय.

त्यातही करारातली बारीक अक्षरं वाचा. एमजीच्याच विंडसर गाडीच्या बॅटरी-भाड्याबरोबर महिन्याला किमान १,५०० किलोमीटरची अट आली होती. गाडी दारात उभी असली तरी तेवढे पैसे. पेरणीच्या दिवसांत महिनाभर गाडी हलली नाही, तर ते भाडं कुणाच्या खिशातून?

मग लोक बॅटरी भाड्यानं का घेतात? भीतीपोटी. बॅटरी गेली तर लाखाच्या घरात खड्डा पडेल, ही भीती खरी आहे. पण पूर्ण गाडी घेतली तर बॅटरीवर आठ वर्षांची वॉरंटी असतेच. कॉमेटला १ लाख २० हजार किलोमीटरपर्यंत, टियागो ईव्हीला १ लाख ६० हजारपर्यंत. क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बदलून मिळेल, एवढं लेखी घ्या. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो; ही ओळ पुण्याच्या गिऱ्हाइकापेक्षा लातूरच्या गिऱ्हाइकाला जास्त लागणार आहे.

भाडेकराराच्या बाजूनं एक मुद्दा मात्र वजनदार आहे. जुन्या इलेक्ट्रिक गाडीला उद्या इथं गिऱ्हाईक किती आणि भाव किती, हे आज छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. दर तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्यानं ही जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घालावीच. पण आपल्याकडं दर तीन वर्षांनी गाडी बदलतं कोण? ती दहा वर्षं घरात चालते आणि मग गावाकडच्या पाहुण्यांकडं जाते.

नांदेड ते लातूर जवळपास १४० किलोमीटर. जाऊन-येऊन २८०. कॉमेटची कंपनीनं सांगितलेली धाव २३०, आणि डीसी फास्ट चार्जिंग नाही. म्हणजे ती शहरातल्या शहरात फिरायची गाडी. दोन्ही गावांत काम असेल तर ज्या गाडीला फास्ट चार्जर लागतो तीच बघा; टियागो ईव्ही त्यावर साधारण तासाभरात १० वरून ८० टक्क्यांवर जाते.

आणि घरचं वीजबिल? महिन्याला १,००० किलोमीटर म्हणजे सव्वाशे-दीडशे युनिट. आधीच २०० युनिट जाळणारं घर ३०० च्या वर चढतं आणि वरच्या युनिटला वरचा दर लागतो. शोरूममधल्या हिशेबात हा टप्पा धरलाय का, विचाराच.

उपाय डोक्यावर तळपतोय. छपरावर एक किलोवॉटची पॅनेलं महिन्याला साधारण १२० युनिट देतात. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे. बॅटरीच्या भाड्यात जाणारा पैसा पॅनेलमध्ये घाला, तो तुमच्याच छपरावर राहील.

अर्थिंग तेवढं तपासून घ्या. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, खड्ड्यातला ओलावा जातो, आणि चार्जरवर लाल दिवा लागतो. गाडी निर्दोष, फ्यूज शाबूत, तरी चार्जिंग बंद. वायरमन येतो, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततो, दिवा हिरवा होतो. ही गोष्ट कुठल्या माहितीपत्रकात छापलीये?

राज्य सरकारनं २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ केला. कुठं? अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग. यातला एकही रस्ता नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातून जात नाही. आपण राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर टोल भरतो आणि भरत राहणार.

चार मुख्यमंत्री दिलेले हे दोन जिल्हे विभागीय आयुक्तालय कुठं हवं यावर वर्षानुवर्षं भांडले. चार्जरसाठी एक निवेदन तरी द्या. अहमदपूर वाटेतच आहे. तिथल्या बसस्थानकाजवळ दोन फास्ट चार्जर, वर पत्र्याची सावली, आणि बंद पडला तर चोवीस तासांत दुरुस्त करायची लेखी जबाबदारी महावितरणची. एवढं झालं तर छोटी गाडी बॅटरीसकट, स्वतःच्या नावावर घ्या.