लिथो फिल्मवर फोटो: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

लिथो फिल्म फोटोग्राफरांसाठी जन्मलेलीच नाही. ऑफसेट छपाईत अक्षरं, रेघा आणि जाळीचे ठिपके टिपायला ती बनवली. तिला काळं कळतं, पांढरं कळतं, करडं कळत नाही. पण ती स्वस्त आहे. तेव्हा तुमचं काम एवढंच: फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणाऱ्या या फिल्मकडून ‘बघू’ असं वदवून घ्यायचं.

प्रथम पिनहोल कॅमेऱ्यासाठी पत्र्याचा डबा मिळवा. चकल्या संपलेल्या असाव्यात आणि डबा गेल्याचं घरात कुणाच्या लक्षात येऊ नये. दुसरी अट अवघड आहे. आतून काळा रंग द्या. कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्याला सुईच्या टोकानं भोक पाडा, कडा पॉलिश पेपरनं घासा. फिल्म ७५ मिलिमीटरवर असेल तर भोक साधारण ०.३ मिलिमीटरचं हवं, म्हणजे एफ २५०. महागड्या लेन्सवाल्या मित्राला हा आकडा जरूर सांगा.

आता डार्करूम, अर्थात बाथरूम. ही फिल्म तांबड्या प्रकाशाला आंधळी असते, त्यामुळे लाल दिव्यात बघून, कात्रीनं कापता येते. मात्र देवघरातल्या लाल दिव्यावर विसंबू नका. फिल्मच्या तुकड्यावर नाणं ठेवा, पाच मिनिटं त्या दिव्याखाली राहू द्या, मग डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा ढोंगी. ओल्या ओठाला फिल्मचा कोपरा लावून पाहा. चिकटेल ती इमल्शनची बाजू, ती भोकाकडे.

वेग ६ आयएसओ धरा. भर उन्हात हिशेबानं चाळीस सेकंद येतात, पण लांबलेल्या एक्सपोजरला फिल्म आळसावते, म्हणून दीड-दोन मिनिटं द्या. कुंकू, जास्वंद, लाल नऊवारी सगळं काळं येईल आणि निळं आकाश पांढरंफटक. फोटोला बसलेल्या आत्याबाईंना हे आधीच सांगा, आणि तेवढा वेळ बोलायचं नाही हेही.

लिथोचा खास डेव्हलपर आणू नका, त्यात करडं औषधालाही उरत नाही. ब्रोमाइड पेपरचा डेव्हलपर खानावळीतल्या वरणाइतका पातळ करा. ट्रे हलवत राहा. बराच वेळ काहीच होत नाही. मग आकाश काळवंडतं, घराच्या कडा दिसतात आणि बघता बघता सावल्याही भरायला लागतात. करडं दिसतंय तोवर बाहेर ओढा. पातळ व्हिनेगर, हायपो, भरपूर पाणी. नख लावू नका, इमल्शन सोलून निघतं. धुळीमुळे निगेटिव्हवर बारीक भोकं दिसतीलच. छापखान्यात ओपेक लावून ती बुजवत बसणारा माणूस असे, इथे तो तुम्ही.

अशा टणक निगेटिव्हला हर्शेलचा १८४२ सालचा सायनोटाइप, म्हणजे निळी छपाई, छान मानवतो. रसायन लावलेल्या कागदावर निगेटिव्ह ठेवा, वर काच, गच्चीवर ऊन, मग पाण्याचा पिवळटपणा जाईपर्यंत धुणं. आत्याबाई विचारतील, ‘रंगीत का नाही काढलास?’ निळा हाही रंगच आहे, असं सांगा. आणि ट्रे स्वयंपाकघरात परत नेऊ नका.