शेठ, पोटमाळ्याला लॉकडाऊन नव्हता

प्रति,
आमच्या कोपऱ्यावरचे किराणा शेठ,


२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देश २१ दिवस बंद केला आणि भाषण संपायच्या आत तुम्ही तूरडाळ महाग केलीत. एवढी तत्परता सरकारलाही जमली नाही. दुसऱ्या दिवशी पाडवा. साखर आणि हरभराडाळ मागणाऱ्या बायकांपुढे तुम्ही हात जोडलेत, ‘‘काय करू वहिनी, मागून मालच येत नाही!’’

पुढे ते खरंही ठरलं, हे तुमचं नशीब. ढाबे बंद, ट्रक अडकलेले, हमाल गावी गेलेले. मे महिन्यात ११ ते १७ तारखेपर्यंत वाशीच्या घाऊक बाजारालाच कुलूप. तिकडे नाशकात उठाव नाही म्हणून बागायतदार द्राक्षांचे बेदाणे करत बसले. पण शेठ, तुमची डाळ तर पाडव्याआधीच, जुन्या भावात, पोटमाळ्यावर येऊन पडली होती. तिला ना ट्रक हवा होता, ना हमाल, ना ई-पास. शिडी तेवढी उतरायची होती.

तुमच्या कायद्याच्या अभ्यासाला मात्र दंडवत. पाकिटावर छापील किंमत असते आणि त्यावर एक रुपया घेतला तरी गुन्हा. म्हणून तुम्ही पाकिटं फोडून पोत्यात रिकामी केलीत. सुट्या डाळीवर कोण काय छापणार? वैधमापनवाल्यांनी तुम्हाला व्याख्यानाला बोलवायला हवं होतं. (रिकामी पाकिटं गटारात टाकायला नको होती, एवढंच. पावसाळ्यात वर आली.)

जूनमध्ये तर दिल्लीनंच तुमची पाठ थोपटली. ५ जूनच्या अध्यादेशानं डाळी, तेल, कांदे, बटाटे यांच्या साठ्यावरची मर्यादा जवळजवळ उठलीच. युद्ध, दुष्काळ वगैरे संकट नसेल, तर नाशवंत नसलेल्या मालाचा भाव ५० टक्के आणि भाजी-फळांचा १०० टक्के चढेपर्यंत सरकार साठ्याकडे बघणार नव्हतं. म्हणजे डाळीत ४९ टक्क्यांपर्यंत तुमच्यासारख्यांना रान मोकळं! फक्त तुम्ही मार्चमध्येच त्याच्या पुढे गेला होतात. थोडा दम धरला असतात, तर कायद्यात बसला असतात.

असो. उधारीच्या वहीत माझ्या नावावर अजून काही बाकी दिसते म्हणे. जुन्या भावानं लावा, लगेच चुकती करतो.

आपलं,
जुनं गिऱ्हाईक