केळकरांचे कुलकर्णी

आमची आई उजव्या कानाने कमी ऐकते आणि डाव्या कानाने तिला हवे तेवढेच. नावातली व्यंजने तिच्यापर्यंत पोचतात, स्वर वाटेत कुठेतरी गळतात. त्यामुळे समोरच्या केळकरांना ती चाळीस वर्षे 'कुलकर्णी' म्हणत आली आहे. सुरुवातीला ते दुरुस्त करायचे. आता निमूट ओ देतात.

हे आठवायचे कारण भाचीच्या लग्नातली आमंत्रणांची यादी. बहीण, मेहुणे, विहीण आणि अस्मादिक अशा चौघांच्या चार याद्या फोनवरून रोमन लिपीत गोळा झाल्या होत्या आणि प्रत्येकाचे स्पेलिंग स्वयंभू. एकाच माणसाला तीन पत्रिका जाऊ नयेत म्हणून भाचा म्हणाला, "मामा, साउंडेक्स लावतो. दोन मिनिटांचं काम."

मला वाटले, हे काहीतरी कालपरवाचे असणार. निघाले शंभरी ओलांडलेले. रॉबर्ट रसेल नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९१८ साली याचे पेटंट घेतले, तेव्हा आजच्यासारखा कॉम्प्युटर कुठे होता! पुढे १९३०च्या दशकात तिकडे म्हातारपणाचे पेन्शन सुरू झाले आणि जन्मदाखला नसलेल्यांना वय सिद्ध करायची वेळ आली. मग जुन्या जनगणनेतली नावे याच पद्धतीने कार्डांवर लावली गेली. १८८० सालच्या गणनेतली तर फक्त दहा वर्षांपर्यंतची मुले असलेली घरे घेतली, कारण पेन्शनीच्या दारात तीच मुले उभी होती. शिरगणतीवाल्याने कानाला येईल तसे स्मिथ, स्मिथी, स्माइथ काहीही लिहून ठेवलेले असायचे. कारकुनाला ते सगळे एका खणात सापडायला हवे होते.

रीत सोपी आहे. नावाचे पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवायचे. पुढचे स्वर टाकायचे. एच, डब्ल्यू, वाय हेही त्यांच्याबरोबर. उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे: ओठांवरच्या बी, एफ, पी, व्हीला १, डी आणि टीला ३, एलला ४, एम-एनला ५, आरला ६. एकच आकडा लागून दोनदा आला तर एकदाच धरायचा. तीन आकडे झाले की थांबायचे, कमी पडले तर शून्ये लावायची. आमच्या क-च-ट-त-प वाल्या बाराखडीने हा ओठ-दात-टाळूचा संसार केव्हाच नीट मांडून ठेवला आहे, असे मी भाच्याला ऐकवले. पण २ आकड्याच्या पंगतीत सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड सगळे मांडीला मांडी लावून बसलेले पाहिले आणि मन खट्टू झाले. मराठी कानाला हे सोवळे मोडल्यासारखेच वाटणार.

सुरुवात मात्र झकास झाली. दीक्षित एक्सने लिहा नाहीतर केएसएचने, डी २३०. परांजपे 'पे' लिहोत की रँग्लरसाहेबांसारखे 'प्ये', आकडा एकच. मी मान डोलावली. आणि मग जोशी आणि जोग यांची सोयरीक जमली: दोघेही जे २००. पाटील आणि पटेल पी ३४०. केळकर आणि कुलकर्णी, के ४२६! उलट आमचे वाघ कुणी डब्ल्यूने लिहिलेले, कुणी व्हीने. पहिल्या अक्षराला हात लावायचा नाही हा नियम, म्हणून एका वाघाचे दोन वाघ झाले ते झालेच.

"दुसरं आहे ना, लेव्हेनश्टाइन," भाचा म्हणाला. हे सोव्हिएत गणिती, साल १९६५. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरे घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजायचे. त्या हिशेबाने गोरे आणि मोरे यांच्यात एकाच अक्षराचे अंतर! आमच्या गावात या दोन घरांत बांधावरून तीन पिढ्यांचे वैर आहे. ते कुठल्या रकान्यात घालायचे?

यादी देवनागरीत केली असती तर? तिथेही सुख नाही. 'ॲड. देशमुख' मधला ॲ एकच जोडलेले अक्षर म्हणून टाइप केला, किंवा अ वर चंद्र देऊन केला, तर दिसायला दोन्ही सारखे, पण यंत्राला वेगळे. ऱ्हस्वदीर्घाकडे दुर्लक्ष कर म्हणावे, तर शीलाकाकूंची शिला होते. काकू तशा मवाळ आहेत, पण इतकेही ऐकून घेणार नाहीत.

शेवटी भाच्याने 'सारखी नावे काढा' हे बटण दाबलेच. वाघांकडे दोन पत्रिका गेल्या. केळकर यादीतून उडाले, आणि आम्हाला ते कळले हॉलवर, अक्षता वाटताना.

तेवढ्यात केळकर सपत्नीक आत आले. सिल्कचा झब्बा, हातात अहेराचे पाकीट. मी ओशाळून पुढे झालो आणि पत्रिकेबद्दल काहीतरी पुटपुटलो.

"अहो, पत्रिका कशाला?" ते म्हणाले. "तुमच्या आईंचा फोन आला होता. 'कुलकर्णी, लग्नाला नक्की या' म्हणाल्या."