कळस आधी वाचा

वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात वरून खाली कोरलं, तेही एकाच खडकातून. लिनक्सवर पॅकेज बिल्ड करणारी आमची मंडळी मात्र बिल्डचा लॉग खालूनच वाचतात. शेवटच्या ओळीत ‘एरर टू’ दिसलं की हातपाय गाळतात. अहो, ती ‘मेक’ची नुसती कुरकुर! खरं दुखणं कितीतरी ओळी वर: ‘झेडलिब डॉट एच’ सापडत नाही. लायब्ररी मशीनवर आहे, हेडर नाही. डेबियनमध्ये ते वेगळ्या ‘डेव्ह’ पॅकेजात मिळतं. (त्यात ‘जे आठ’ लावून आठ कामं एकदम सोडली असतील, तर ती ओळ आणखीच गाडली जाते.) पण वर कोण चढतंय? त्यापेक्षा अख्खी सिस्टीम पुसून नव्याने टाकणं सोपं. रात्रभर जागून टाकतात, आणि सकाळी पुन्हा ‘एरर टू’.